चाकावरची वाटी

मोटारीचे तोंड सगळेच पाहतात. पाय कुणी पाहत नाही. नवी गाडी दारात येऊन उभी राहिली की शेजारीपाजारी तिच्या दिव्यांचे कौतुक करतात, रंगावरून हळूच बोट फिरवतात, आत बसून गादी दाबून पाहतात आणि पेढा तोंडात टाकून घरी जातात. तिच्या चाकांकडे लक्ष जाते ते फक्त दोघांचे. एक, चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या आजीचे; आणि दुसरे, गल्लीतल्या कुत्र्याचे. या दोघांच्या पंक्तीत मी तिसरा आहे. जुनी मोटार दिसली की मी आधी खाली वाकतो.

आमच्या गावच्या देवळात कीर्तन असले की बाहेरच्या वहाणा पाहून आत कोण कोण बसले आहे ते बिनचूक सांगणारी एक म्हातारी होती. आत डोकावण्याची तिला गरजच पडत नसे. टाच एका बाजूने झिजली आहे ती तलाठ्याची, अंगठ्याला सुतळी बांधली आहे ती गुरवाची, आणि नवी कोरी करकरीत दिसते ती सासुरवाडीला आलेल्या जावयाची! मोटारीच्या चाकावर बसवलेली ती चकचकीत तबकडी म्हणजे मोटारीची वहाणच. ती नीट वाचता आली तर गाडीचे घराणे कळते, जन्मसाल कळते, धन्याची ऐपत कळते. आणि कधी कधी धन्याने वहाण कुणाची पळवली आहे तेही कळते.

तिला इंग्रजीत हबकॅप म्हणतात. चाकाचा सगळा दर्शनी भाग झाकण्याइतकी मोठी असली तर व्हीलकव्हर. गॅरेजातली माणसे या भेदाच्या भानगडीत पडत नाहीत. लहान असो मोठी असो, त्यांच्या लेखी तो ‘व्हीलकप’. मी तिला वाटी म्हणतो. उपडी घातलेली वाटी जशी दिसते तशीच ती दिसते, म्हणून.

पण ही वाटी मुळात शोभेसाठी जन्मलेली नाही. बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना तिचे कूळ चटकन समजेल. चाकाच्या मधोमध तुंबा. त्यातून निघालेले आरे. तुंब्यातून आरपार गेलेला आख. आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ. तुंब्यात वंगण घालायचे. ते बाहेर ओघळायचे, त्यावर धूळ बसायची, आणि गाडीतून उतरणाऱ्याच्या धोतराला त्याचा काळा टिळा लागायचा. पहिल्या मोटारींची चाकेही लाकडी आऱ्यांचीच होती. फक्त त्यांच्या तुंब्याला आट्यांचे एक झाकण असे. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटींहून अधिक ‘मॉडेल टी’ गाड्या केल्या. त्यांच्या पुढच्या चाकांचे झाकण काढायचे, त्यात वंगण ठासून भरायचे आणि पुन्हा फिरवून बसवायचे. झाकण आत जाईल तसे वंगण आत रेटले जाई. वंगण आत ठेवणे आणि धूळ बाहेर ठेवणे, एवढेच त्या झाकणाचे काम. त्यावर कारखानदाराने आपले नाव उठवले ते आपण भांड्यावर नाव घालतो तसे, हरवले तर परत यावे एवढ्यापुरते असावे असे मला उगाच वाटते.

पुढे पोलादी चाके आली, वंगण आतल्या आत बंदिस्त राहू लागले, आणि वाटीचे खरे काम संपले. पण काम संपले की थाट वाढतो, हा नियम फक्त जुन्या सरदार घराण्यांनाच लागू आहे असे थोडेच आहे? वाटी फुगू लागली. आधी तिने तुंबा झाकला, मग चाकाचे नटबोल्ट झाकले, आणि शेवटी अख्खे चाकच पोटात घेतले. १९३६ च्या कॉर्ड मोटारीला तर साऱ्या चाकभर एकच सपाट, झगझगीत तबकडी होती. तिच्या कडेने गोल भोकांची एक माळ पाडलेली. ब्रेक तापू नयेत, त्यांना वारा लागावा म्हणून. ती भोके पाहिली की आजही जाणकार गाडीचे तोंड न पाहताच नाव सांगतात.

अमेरिकेत पुढे पुढे अशी चाल पडली की साध्या गाडीबरोबर लहान वाटी मिळायची आणि मोठी तबकडी हवी तर वर पैसे मोजायचे. मग लहान वाटीला लोकांनी टोपणनावे ठेवली. कुणी तिला ‘कुत्र्याची थाळी’ म्हणाले, कुणी ‘गरिबीची टोपी’. काळाचा विनोद असा की आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांत या गरिबीच्या टोपीलाच मान आहे. १९६८ मध्ये प्लिमथने ‘रोडरनर’ नावाची दांडग्या इंजिनाची आणि साध्या अंगाची गाडी काढली. तिच्या चाकांवर ही कुत्र्याची थाळीच होती. तिच्यावर तशीच थाळी बसवण्यासाठी आज लोक हौसेने पैसे मोजतात. ज्या गोष्टीची शेजाऱ्यापाजाऱ्यांत लाज वाटे, ती नातवंडे मखमलीवर मांडून ठेवतात. घरोघरच्या पाट्या-वरवंट्यांचे तरी दुसरे काय झाले?

आता ही वाटी ओळखायची कशी? सुटी वाटी हातात आली, खाली गाडी नाही, वर नाव पुसट. तर ती कुणाची आणि कोणत्या सालची ते कसे सांगायचे? या विद्येत चार पायऱ्या आहेत, असे माझ्यापुरते मी ठरवून टाकले आहे.

पहिली पायरी चेहऱ्याची. ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत फसवी. पॅकार्डच्या वाटीच्या मध्यभागी तांबडा षट्कोन असतो. शेव्हरोलेची ती जगप्रसिद्ध ‘बो-टाय’. मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. आणि जुन्या मर्सिडीजची वाटी पुष्कळदा गाडीच्याच रंगात रंगवलेली, लुगड्याच्या रंगाचीच चोळी असावी तशी. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे ‘व्ही-आठ’ इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, आणि ते मिरवायला वाटीवर ‘व्ही ८’ अशी खूण उठवली. त्याच साली त्याच अंगाची चार सिलिंडरांची गाडीही निघत होती. तिच्या वाटीवर मात्र नुसते ‘फोर्ड’. रस्त्याने जाणाऱ्याला इंजिन दिसत नाही. पण पायातली वहाण सांगून जायची की हा आठांपैकी आहे, हा चारांपैकी.

चेहरा फसवा का, तर तो उसना घेता येतो. १९५३ मध्ये ओल्डस्मोबिलने ‘फिएस्टा’ नावाची एक महागडी उघडी गाडी काढली. तिच्या तबकडीवर तीन पात्यांचे एक फिरके होते. गाड्या थोड्याच निघाल्या. पण ती तबकडी अमेरिकेतल्या तरुण पोरांना अशी आवडली की ज्याने त्याने ती मिळवून आपल्या जुन्यापुराण्या गाडीवर चढवली. तेव्हा फिएस्टाची तबकडी दिसली म्हणून गाडी फिएस्टा असेलच असे नाही. शालजोडी पांघरलेला प्रत्येक जण काही शास्त्री नसतो.

म्हणून दुसरी पायरी मापाची. माप उसने घेता येत नाही. १९५७ साली शेव्हरोले, फोर्ड आणि प्लिमथ या तिन्ही मोठ्या घराण्यांनी चाकाचा व्यास पंधरा इंचांवरून चौदावर आणला. गाडी बुटकी दिसावी ही त्या वेळची फॅशन. तेव्हा ‘ही सत्तावन्नच्या शेव्हरोलेची’ म्हणून कुणी तुमच्यापुढे पंधरा इंची तबकडी धरली, तर वाद न घालता खिशातून टेप काढावी.

तिसरी पायरी कानाची आणि भोकांची. तारांच्या आऱ्यांची चाके असलेल्या जुन्या इंग्रजी गाड्यांना मधोमध दोन कानांचा एक मोठा नट असे. त्यावर हातोडी मारून तो घट्ट करायचा आणि हातोडी मारूनच सोडवायचा. कोणती बाजू डावी, कोणती उजवी आणि सोडवताना कोणीकडे फिरवायचे, हेही त्यावर कोरलेले असे; कारण चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या आट्या उलटसुलट दिशांच्या असत. हे बाहेर आलेले कान पादचाऱ्यांना इजा करतात म्हणून अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांनी १९६८ पासून नव्या गाड्यांवर त्यांना बंदी घातली. कानांनी साल सांगावे ते असे. भोकेही सांगतात. कॉर्व्हेट गाडीची १९५६ ची तबकडी आणि १९५९ ची तबकडी जुळ्या बहिणी वाटतात. पण १९५९ पासूनच्या तबकडीला ब्रेकना वारा लागावा म्हणून कडेने लांबट फटी आहेत. आणि सर्वांत गमतीचे झाकण फोक्सवॅगन बीटलचे. तिच्या पुढच्या डाव्या चाकाला चकचकीत वाटीच्या आत आणखी एक साधे झाकण असते. त्याच्या मधल्या चौकोनी भोकात स्पीडोमीटरच्या तारेचे टोक अडकवलेले असते. झाकण चाकाबरोबर फिरते, तार फिरवते आणि काटा हलतो. तिथे चुकून उजव्या चाकाचे, बिनभोकाचे झाकण बसवा. गाडी पळते, पण काटा शून्यावर झोपून राहतो. साऱ्या वाट्या शोभेच्या झाल्या तेव्हाही या एका झाकणाने काम सोडले नाही, म्हणून माझा त्याच्यावर लोभ आहे.

चौथी पायरी पाठीची. वाटी उलटी करावी. नवशिका आणि जाणता यांच्यातला फरक इथे दिसतो. नवशिका वाटी पुसतो. जाणता ती पालथी घालतो. फोर्डच्या ‘मॉडेल ए’च्या पहिल्या वाट्या पितळेवर निकेलचा मुलामा दिलेल्या होत्या, १९३० पासून त्या न गंजणाऱ्या पोलादाच्या झाल्या. वरून दोन्ही सारख्याच चमकतात, पण आतल्या कडेला पितळेचा पिवळा डोकावला की उत्तर मिळाले. पाठीवरच वाटी चाकाला धरून ठेवणारे स्प्रिंगचे दात असतात, त्यांची संख्या आणि ठेवण असते. कधी सुट्या भागाचा आकडा असतो. आणि पत्रा दाबून जे नाव उठवलेले असते, ते पाठीवर आरशातल्यासारखे उलटे, खोल उमटलेले असते. चेहरा ऊन-पाऊस खातो, चिखल खातो, घासणाऱ्याचे हात खातो. पाठ यांतले काही खात नाही.

पाठीचे महत्त्व मला कळले ते पुस्तकातून नव्हे, आमच्या मामींच्या माठामुळे.

ते सांगण्याआधी कुर्ल्याच्या कारखान्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटारींचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९२८ मध्ये. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडल्या. ही तिन्ही भावंडेच. अमेरिकेबाहेर पाठवायच्या काही डॉज आणि डिसोटो तर अंगाने सरळ प्लिमथच असत. ‘किंग्जवे’ नावाची डॉज आणि ‘डिप्लोमॅट’ नावाची डिसोटो या त्यांतल्याच. अंग एक, कपाळावरचे कुंकू तेवढे वेगळे. दुरून पाहणाऱ्याने त्यांची नावे एकमेकींना दिली तर त्याचा काय दोष?

आमचे मामा साताऱ्याकडे एका बड्या वकिलांचे ड्रायव्हर होते. हयातभर त्यांनी मोटार चालवली आणि हयातभर घरी सायकलीने आले. वकिलांची गाडी अमेरिकन, काळी, दांडगी. एकदा खंबाटकीच्या घाटात खड्ड्यात आपटून तिची एक वाटी उडाली. त्या रात्री शोधून सापडली नाही. वकिलांनी नवी आणवली आणि तिचे पैसे मामांच्या पगारातून कापले. आठ-दहा दिवसांनी त्याच वळणावर गाडी पाणी घालायला थांबवली असता, खालच्या घाणेरीच्या झुडपात मामांना ती चमकताना दिसली. ती घेऊन ते वकिलांपुढे उभे राहिले. वकील म्हणाले, “पैसे तुझे गेलेत, तूच ठेव.” अशी ती घरी आली. त्या लांबलचक धूडाचे स्टिअरिंग वर्षानुवर्षे ज्यांच्या हातात होते, त्यांच्या स्वतःच्या मालकीचा मोटारीचा भाग म्हणजे ती एक वाटी.

मामींनी ती माठावर झाकण म्हणून घातली. अगदी बेताची बसली. तबकडी मोठ्या जातीची असती तर तिला व्हॉल्व्हसाठी भोक असते, आणि मुंग्यांना वाट मिळाली असती. ही गरिबीची टोपी, हिला भोक नाही. रोज सकाळी काथ्याने आणि राखेने मामी ती घासत. चांदीचे ताट घासावे इतक्या निगुतीने. पन्नासएक वर्षे त्यांनी ती घासली. मामा गेले, राख जाऊन साबणाची वडी आली, घासणे चालूच. त्या घासण्याने वाटीवरचा क्रोम गेला, अक्षरांतला रंग गेला, अक्षरांच्या कडा गेल्या. शेवटी बोटाला नुसते उंचवटे लागत. डोळ्यांना काही दिसत नसे.

काही वर्षांपूर्वी मामेभावाच्या ओळखीच्या एका हौशी गृहस्थाला अशी वाटी हवी होती. त्याच्याकडे जुनी डॉज होती. तीन वाट्या होत्या, चौथी मिळत नव्हती. ‘तुमची डॉजची असेल तर म्हणाल ती किंमत देतो,’ असा त्याचा निरोप. आता घरात प्रश्न उभा राहिला, मामांची गाडी कोणती? थोरला म्हणे प्लिमथ. धाकटा म्हणे डिसोटो, दादांच्याच तोंडून ऐकलेय. मामींना विचारले तर म्हणाल्या, “ह्यांनी कधी नाव घेतलं नाही. नुसतं ‘गाडी’ म्हणायचे.” वकिलांचे घर केव्हाच विकले गेलेले, कागदपत्रे कुठली असायला!

मी माठावरची वाटी उचलली आणि उलटी केली. माठाच्या वाफेने आतून डाग पडले होते, दातांशी थोडा गंज होता. पण मामींचा काथ्या आतल्या अंगाला कधी लागलाच नव्हता. मध्यभागी पाच खोल अक्षरे उलटी उमटलेली होती. धाकट्याने दाढीचा आरसा आणला. तो समोर धरून आम्ही एकेक अक्षर लावले. डी, ओ, डी, जी, ई. त्यातला ओ तेवढा आरशाबाहेरही सरळच होता.

“डॉज!” मी म्हणालो. “मामी, मामांची गाडी डॉज होती.”

मामींनी आरशात वाकून पाहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. तरी त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “त्या माणसाकडं बाकीच्या तीन आहेत ना?”

“आहेत.”

“मग त्याचं काही अडत नाही. माझ्या माठाला एकच आहे. दे इकडं, माठ उघडा पडलाय.”

त्यावर किंमतीची भाषा पुन्हा कुणी काढली नाही.

जुन्या वाट्यांचा बाजार पाहायचा तर मुंबईला चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर जावे. तिथे बाहेर गाडी उभी करून आत वाटी शोधायला गेले की आपल्याच गाडीची वाटी आपल्याला विकत मिळते, हा विनोद मुंबईकरांनी इतक्या वेळा सांगितला आहे की त्याचाही क्रोम उडाला आहे. त्याच मुंबईच्या रस्त्यांवर अनेक पिढ्यांनी प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला. १९६४ ची फियाट ११०० डी हे तिचे मूळ रूप. १९७२ च्या सुमारास ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘पद्मिनी’. शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे, असा नियम. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. गाड्या मोडीत निघतात तेव्हा पत्रा दाबला जातो, इंजिन वितळते. मागे राहते ते एखादे बिल्ल्याचे अक्षर, एखादी वाटी.

आता नव्या गाड्यांच्या वाट्या प्लॅस्टिकच्या. त्या खड्ड्यात उडू नयेत म्हणून मेकॅनिक त्यांना प्लॅस्टिकच्याच पट्टीने बांधून टाकतो. नाकातली नथ दोऱ्याने कानाला बांधावी तसे ते दिसते. श्रीमंतांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. २००३ पासूनच्या रोल्स-रॉइसच्या चाकामध्ये जी दोन ‘आर’ अक्षरे असतात, ती चाक कितीही फिरले तरी स्वतः फिरत नाहीत. ताठ उभी राहतात. मोठेपणाची ही तऱ्हा पाहून हसू येते, पण ते झाकण ओळखायला कुणाला वाकावे लागणार नाही, एवढे मात्र खरे. मला वाकून पाहावी लागणारी झाकणे अधिक आवडतात.

दिवाळीची आवराआवर तुमच्याकडे आता झाली असेल, निदान घरातल्या बायांची तरी झाली असेल. माळ्यावरून जे खाली आले ते भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यासाठी दाराशी ठेवलेले असेल. त्यात काळवंडलेली, खोलगट, गोल अशी एखादी वस्तू असेल, आणि ती ताटलीही नसेल, झाकणही वाटत नसेल, तर घाई करू नका. तिला चिंच लावू नका, राख लावू नका. आधी ती उजेडात नेऊन पालथी करा. आणि घरात सर्वांत म्हातारे जे कोणी असेल, त्याच्या हातात द्या.